मिशांचा माठ

वरवंड आणि केडगावच्या मधल्या पट्ट्यात पाच-सात गावं आहेत. त्यांतल्या एका गावात रखमाजी कुंभार राहायचा. गावाचं नाव सांगत नाही. सोयरीक जमवायला गेलं की पावणे अजून त्या गावच्या माणसाला आधी माठाचं विचारतात, हसून घेतात, आणि मग बोलणीला बसतात.

रखमाजी दिसायला मातीचाच. अंगावर कायम वाळलेला चिखल, आणि आंघोळ केली तरी रंगात फारसा फरक पडत नव्हता. माणूस सरळ होता, पण हाताला खोड होती. घागर करावी आणि सोडून द्यावी, तर ते नाही. तिच्या गळ्याला एखादा साप गुंडाळायचा. रांजणाच्या पोटावर विंचू बसवायचा. एकदा दह्याच्या परळात त्यानं तळाला बेडूक काढला. घेणारीनं काही पाहिलं नाही. दही संपत आलं तसा खालून बेडूक वर बघायला लागला. त्या बाईनं उरलंसुरलं दही, परळ आणि बेडूक, सगळंच उकिरड्यावर नेऊन टाकलं.

बेंदराला मात्र त्याच्या मातीच्या बैलांना तोड नव्हती. ज्याच्या दावणीला जो बैल, तोच पाटावर यायचा. शिंग मोडकं तर मोडकं, वशिंड कललेलं तर कललेलं. एकाच्या लंगड्या बैलाला त्यानं लंगडाच घडवला, तेव्हा तो शेतकरी कावला. म्हणाला, "वरीसभर माज्या रानात लंगडतुयच की. पूजेपुरता तरी चार पायांव हुबा करायचास."

रखमाजीची बायको विठाबाई शिरूरच्या अंगाची, घोड नदीचं पाणी प्यालेली. तिच्या बोलण्यापेक्षा मडकी भाजायचा पेटलेला आवा परवडला. ती म्हणायची, "अवं, घागर डोक्याव घेनारीला साप कशाला पायजे? तिला सासू हाय की घरात."

बहात्तरच्या दुष्काळात चाक थांबलं. पाणीच नाही तर घागर घेऊन कोण काय करील? रखमाजीनं सडकेच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि पाऊसपाणी झाल्यावर पुन्हा चाकाला तेल घातलं. तवर गावात जर्मनची भांडी शिरली होती. ती पडली तर पोचा येतो, फुटत नाहीत. आणि कुंभाराचं सगळं पोट दुसऱ्याच्या हातून काय निसटतं त्यावर. धंदा निम्म्यावर आला, हात रिकामा राहायला लागला, आणि रांजणांवरचे विंचू वाढले.

एक गोष्ट मात्र हलली नव्हती. नवरात्रात भैरोबाच्या देवळात जो घट बसतो, तो रखमाजीच्या घरचा. त्याच्या बानं दिला, आज्यानं दिला. त्या बदल्यात मिळायचं काय, तर अर्धा नारळ, आणि घट बसवताना गुरवाच्या शेजारी मांडी घालून बसायला जागा. विठाबाई म्हणायची, "अर्ध्या नारळाला एवढा ताठा?" पण रखमाजी वर्षभर ज्याच्या त्याच्या अंगणात उभ्यानं बोलायचा. बसून बोलायची जागा त्याला ती एकच होती.

केडगावच्या मिशनला तो गाढवावर लादून कुंड्या आणि माठ पोचवायचा. पंच्याहत्तर सालच्या शिमग्याच्या सुमाराला तिथं दवाखान्यात फ्रान्सची एक बाई आली होती, थोड्या महिन्यांकरता. तिचं मराठी घोटभर होतं, पण होतं. त्याच्या एका माठावरचा विंचू बघून ती थबकली, आत पळाली आणि फोटोंची एक वही घेऊन आली.

"हे माझा मामा," ती म्हणाली. "कुंभार."

फोटोत तिरकी टोपी घातलेला एक गोरा म्हातारा चाकापुढं बसला होता. कोपरापर्यंत चिखल, तोंडात वाकडी चिलीम. रखमाजीला एकदम भावकीतलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"गाढवं किती हायेत मामाला?"

"गाढव? नाही. एक पण नाही."

रखमाजीनं चुकचुक केलं. बिनगाढवाचा कुंभार त्यानं जन्मात पाहिला नव्हता. "आसू द्या," तो म्हणाला, "व्हतील."

बाईनं पानं उलटली. एक सुरई होती तिला बाईचं तोंड, आणि तिचे कमरेवर ठेवलेले दोन हात म्हणजे धरायच्या कड्या. एका ताटात रंगीत मासा. एक मातीचा बोकड, त्याच्या पाठीत भोक, आणि भोकात फुलं खोवलेली.

"पानी गार ऱ्हातं का ह्यात?"

"पाणी नाही. हे फक्त बघायचं."

"बघायचं. आन् फुटतं कवा?"

"फुटत नाही. कपाटात असते."

रखमाजी विचारात पडला. "मंग मामा जेवतो काय?"

बाई हसली. हातवारे करून तिनं मामाची सगळी जिंदगानी सांगितली. मामा आधी घरावरची कौलं करायचा आणि गटारीचे नळ. मग मोठी लढाई झाली. गावाची कौलं उडाली. लढाई सरल्यावर मामानं एवढी कौलं केली, एवढी केली, की त्याला कौलांचा वीट आला. एके दिवशी त्यानं गंमत म्हणून बायकोचं तोंड सुरईवर काढलं, आणि शहरातली माणसं मोटारी घेऊन त्याच्या दारात यायला लागली.

"बायकूचं तोंड," रखमाजी म्हणाला. "आन् ती नांदती अजून?"

"हो. पण खूप ओरडली."

"तेवढं चालायचंच."

परत येताना गाढव पुढं, रखमाजी मागं, आणि त्याच्या डोक्यात ती सुरई. दुसऱ्याच दिवशी त्यानं एका घागरीवर विठाबाई काढायला घेतली. नाक झालं, कपाळ झालं. तोंड उघडं ठेवलं, कारण मिटलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

विठाबाई शेणाची पाटी घेऊन येत होती. ओल्या घागरीपुढं उभी राहिली. "ही कोन?"

"कुनी न्हाई. आपली अशीच."

"अशीच व्हय? माजं तोंड बाजारात मांडतायसा? उंद्या कुनीबी यील, टिचकी मारून बघंल, कच्चं हाय का पक्कं."

तिनं त्या घागरीचा पुन्हा गोळा केला आणि गोळ्याला वर दोन बुक्क्या घातल्या. रखमाजीला त्यातून एक अक्कल मिळाली. जित्या माणसाचं तोंड काढलं की भांडण. मेलेला भांडायला येत नाही.

आता मेलेला, सगळ्यांना ठाऊक असलेला आणि काढायला सोपा असा गावात एकच होता, गेणबा. दोन सालांमागं गेलेला. चांगला बागायतदार, विहिरीवर इंजिन, पण दिवसातून एकदा बोलला तर बोलला. त्याच्या मिशा मात्र अशा, की बांधाच्या वळणावर आधी मिशा यायच्या आणि मागून गेणबा. रखमाजीनं चांगला पोटाळ माठ घडवला, त्यावर दोन बाजूंना मिशा फेकल्या, मधे नाक बसवलं, जेवण झाल्यावर होतात तसे अर्धे मिटलेले डोळे काढले. आव्यातून माठ निघाला तो गालावर धुराचा काळा चट्टा घेऊन. तसाच चट्टा गेणबाच्या गालालाही होता. रखमाजी स्वतःच दोन पावलं मागं सरला.

तो माठावर गोणपाट टाकायला वळतोय, तोच दारात झुंबरबाई. गेणबाचीच बायको. उन्हाळ्याचा माठ न्यायला आलेली. ती थबकली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि एका अंगाला उभी राहिली.

"रखमा," ती हळू आवाजात म्हणाली, "हे हितं काय करत्यात?"

रखमाजीनं गोणपाट पाठीमागं लपवलं. "निवत्यात, नानी."

 झुंबरबाईनं लुगड्याच्या धडप्याची चुंबळ केली. विठाबाईनं हात लावून माठ तिच्या डोक्यावर चढवला.

"जलमभर डोक्याव बसले," झुंबरबाई म्हणाली. "आता गेल्याव बी तेच." आणि ती ताठ मानेनं घराकडं चालायला लागली. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी माठाला रामराम केला.

खरी गंमत त्या घरात सुरू झाली. माठ सोप्यात तिवईवर बसला, दाराकडं तोंड करून. गेणबाची सून ललिता चांगली चालीरीतीची. सासऱ्यापुढं उघड्या डोक्यानं जायचं नाही, पाठ करायची नाही, हे ती माहेराहून शिकून आलेली. पाणी काढायचं म्हणजे एका हातात पदर, एका हातात तांब्या, आणि झाकण काढायला तिसरा हात कुठून आणायचा? त्यात झाकण रखमाजीनं पटक्यासारखं घडवलेलं, म्हणजे सासऱ्याचा पटकाच. त्याला सुनेनं हात कसा लावायचा? घरातली माणसं तहानेली राहायला लागली. पावणा पाणी मागायचा, ललिता पदर ओढून माठाकडं आडवी-आडवी सरकत जायची, आणि पावणा म्हणायचा, आसू द्या, घरी जाऊन पितो.

गेणबाचा लेक साहेबराव चाळिशीला आलेला. पण बापापुढं बिडी ओढायची त्याची छाती तेव्हाही नव्हती आणि आता माठापुढंही होईना. तो गोठ्यात बसून ओढायचा. त्यात विहिरीवरचं इंजिन विकून विजेची मोटर घ्यायची त्याच्या फार मनात होतं. संध्याकाळी झुंबरबाई माठापुढं बसून दिवसभराचं गाऱ्हाणं सांगायची, सुनेचं सांगायची, गुडघ्याचं सांगायची, मग जरा गप राहायची, आणि सकाळी साहेबरावाला म्हणायची, "इंजिन इकायचं न्हाई. ह्यांना पसंत न्हाई."

साहेबराव रखमाजीच्या अंगणात आला तो तापूनच. त्याच्यासंगं भैरोबाचा गुरव चांगदेवआप्पा होता.

"रखमा, माज्या घरात मला बिडी वडता येईना."

"का हो?"

"का म्हंजी? त्यो बघतुय."

"डोळं झाकल्यालं हायेत की अर्धं."

"म्हनूनच. आबा बी असंच बघायचा, आन् सगळं दिसायचं त्याला. आन् जिता व्हता तवा दिसातनं एकदा बोलायचा. आता रोज बोलतुय. शेजाऱ्याच्या बांधाचं बोलतुय, इंजिनाचं बोलतुय. परवा म्हनं भाजीला मीठ कमी हुतं."

"माठ परत द्या म्हनावं नानीस्नी."

"तूच म्हन. मी म्हनलो तर ती म्हनती, बापाला घराभाईर काडतुस व्हय?"

चांगदेवआप्पानं घसा खाकरला. "ह्ये बघ रखमा. गेणबाचा म्हाळ नवरात्राच्या आधी येतुय. तवर त्यो माठ घरातनं हलला पायजे. न्हाईतर यंदाचा घट पल्याडच्या गावचा कुंभार आनंल. देवाच्या घटाला उंद्या मिशा फुटल्या, तर मी कुनाकडं बघू?"

 घट तर रखमाजी आधीच भाजून गवतात ठेवून बसला होता.  त्या दिवशी जेवताना विठाबाईनं त्याच्या भाकरीवर तेलाची धार जरा लांब धरली.

मग तो झुंबरबाईकडं गेला, एकदा नाही, चारदा गेला. आधी म्हणाला, दुसरा चांगला माठ देतो. ती म्हणाली, दुसऱ्याचं मला काय करायचं, मी काय दुसरा नवरा करून मोतूर लावतीय? मग म्हणाला, मिशा तेवढ्या घासून देतो, म्हणजे नुसता माठ राहील.

"मिशा उतरायला त्यांचा बा मेलाय व्हय?" झुंबरबाई म्हणाली. "त्यो मेला तवाच उतरल्या हुत्या. मी बघितल्यात, लई वंगाळ दिसतं."

असं करता करता पितृपंधरवडा लागला आणि म्हाळाचा दिवस आला. झुंबरबाईनं काही कमी केलं नव्हतं. खीर, वडे, अळूची भाजी, आमटी, भाताची वाफ पार वेशीपर्यंत. भावकी आली, चांगदेवआप्पा आला, रखमाजीलाही बोलावणं होतं. साहेबरावानं केळीच्या पानावर वाढून घास गोठ्याच्या ठेंगण्या भिंतीवर ठेवला आणि सगळे हात धुऊन बसले. कावळा शिवल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही, ही रीत.

लिंबावर कावळे होते. ते बघत होते. खाली कुणी येईना.

साहेबरावानं हात जोडले. "आबा, आयेला जपतो."

कावळे जागचे हलेनात.

"आबा, बांधाचं भांडान मिटवतो." तरी हलेनात. मग त्यानं मन घट्ट केलं. "आबा, इंजिन इकत न्हाई." एका कावळ्यानं मान फिरवून पंख खाजवला, एवढंच. बिडी सोडतो, असं साहेबराव अगदी तोंडातल्या तोंडात म्हणाला, आणि कावळा आला नाही तेव्हा त्याला जरा बरंच वाटलं.

ऊन चढलं. खिरीवर साय धरली. पोटं आवाज करायला लागली. तेवढ्यात चुलीच्या खोलीच्या दारातून झुंबरबाई म्हणाली, "कावळा कशाला यील? ज्याचं पान त्यो हितं सोप्यात बसलाय, आन् तुमी वाढलंय भितीव."

सगळ्यांच्या माना माठाकडं वळल्या. मिशा दोन्हीकडं पसरलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. बोलणं खोटं आहे असं कुणाला म्हणता येईना. मग माठापुढं एक पान वाढलं आणि पुन्हा वाट बघणं सुरू झालं.

"पर त्यो जेवला का न्हाई, हे कळायचं कसं?" भावकीतला एक म्हातारा म्हणाला.  चांगदेवआप्पानं वड्यावरची नजर काढून रखमाजीवर रोखली. "घट गेला तुजा, रखमा. भुकेनं तोंडाला कोरड पडली माज्या."

रखमाजी उठला. माठापुढं अदबीनं उभा राहिला. "नानी, मालकास्नी वाईच भाईर घिऊ का? पान बी तिथं, मालक बी तिथं. एका जागी हुईल."

झुंबरबाई माठाजवळ गेली, कान लावला, आणि मानेनंच हो म्हणाली.

रखमाजीनं भरला माठ उचलला, गोठ्याच्या भिंतीवर पानाशेजारी नेऊन टेकवला आणि झाकण काढून घेतलं. भादव्याचं ऊन ते. लिंबावरनं एक कावळा उतरला, थेट गेणबाच्या डोक्यावर बसला, चोच बुडवून गार पाणी प्याला, मिशीवर पाय देऊन खाली आला आणि वडा उचलून गेला.

"शिवला, शिवला," सगळे म्हणाले, आणि हात पानाकडं धावले.

"थांबा," झुंबरबाई म्हणाली.

हात थांबले.

"त्यो कावळा कोन?"

चांगदेवआप्पाचा वडा ओठाशी होता. "कोन म्हंजी? गेणबा. शिवला न्हवं का?"

"हे कावळ्यात आले, व्हय?"

"व्हय की. म्हाळाला तसंच येत्यात."

"मंग ह्यो कोन?" तिनं माठाकडं बोट केलं.

  झुंबरबाईनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढला. "उन्हाळ्यापसनं माज्या सोप्यात ह्यो कोन परका बाप्या बसलाय? मी ह्याच्याम्होरं गुडघ्याला तेल चोळलंय. काय काय बोलली असंन मी." मग ती वळली. "रखमा, कुनाला आनून बसवलंस तू माज्या घरात?"

रखमाजीनं एकवार सगळीकडं पाहिलं. चांगदेवआप्पाचा वडा अजून तिथंच होता. साहेबरावाचा हात पानावरच अडकला होता. आजवर हातून निघालेलं सगळ्यात चांगलं काम समोर भिंतीवर उन्हात होतं.

"कुनी न्हाई, नानी," तो म्हणाला. "पोकळ हाय."

"पोकळ?"

"मडकं हाय. आत पानी, भाईर माती."

"आन् मिशा?"

"त्या म्या लावल्या. हात रिकामा हुता."

झुंबरबाईनं थोडा विचार केला. "मंग इंजिनाचं मला कुनी सांगितलं?"

सगळ्यांनी आपापल्या पानाकडं बघितलं. आतून ललिता म्हणाली, "आत्याबाई, भात निवतुय."

"न्हे त्याला," झुंबरबाई रखमाजीला म्हणाली. "आन् पानी वतून न्हे. बिनवळखीच्या बाप्याचं पानी माज्या घरात नगं."

पहिला घास साहेबरावानं घेतला. खीर सरली, वडे सरले, आणि हात धुऊन साहेबरावानं भर सोप्यात बिडी पेटवली. पहिल्या झुरक्याला जरा चोरून मागं बघितलं, तेवढंच. चांगदेवआप्पानं ढेकर दिला. "घट तुजाच, रखमा. पर नुसता. नाक न्हाई, डोळा न्हाई. देव आपलं त्वांड आपुन घिऊन येतुय."

माठ रखमाजीच्या घरीही टिकला नाही. विठाबाई म्हणाली, परक्या घरात सगळं बघून-ऐकून आलेला हा बाप्या, माझ्या चुलीपुढं नको. शेवटी तो मिशनच्या त्या फ्रान्सच्या बाईनं घेतला. तिचं परत जायचं ठरलं होतं. दोन वाकळांत गुंडाळून, मांडीवर धरून ती दौंडाच्या ठेसनावर गाडीत बसली. विठाबाई ऐकून म्हणाली, "गेणबा जलमात दौंडाच्या फुडं गेला न्हवता."

घटस्थापनेला रखमाजी धुतलेलं धोतर नेसून देवळात गेला. चांगदेवआप्पानं घट हातात घेतला, चारी अंगांनी फिरवला, दाराच्या उजेडाला धरला, आत हात घालून चाचपला. एका जागी त्याचं बोट थांबलं.

"ह्ये काय लागतंय?"

मागची माणसं पुढं वाकली.

"खडा हाय, आप्पा. मातीतला."

चांगदेवआप्पानं अंगठ्याच्या नखानं खरवडून बघितलं. खडाच होता. तरी बायकांच्या रांगेतून झुंबरबाई म्हणालीच, "ह्यात कोन न्हाई न्हवं?"

"कोन न्हाई, नानी."

"न्हाई, आत्ताच सांग. मागनं नगं."

घट काळ्या मातीवर टेकला. रखमाजी गुरवाच्या शेजारी मांडी घालून बसला, ऐसपैस. चांगदेवआप्पा मंतर म्हणत होता. रखमाजीचं सगळं ध्यान देवाकडं होतं, पण त्याचा उजवा हात घटाखालच्या ओल्या मातीत शिरला होता, आणि बोटांखाली कुणाचं तरी नाक वर यायला लागलं होतं. चांगदेवआप्पानं मंतर न थांबवता त्याचा हात मनगटाला धरून उचलला, त्याच्याच मांडीवर ठेवला आणि अंगठ्यानं ते नाक सपाट केलं.